गेर धरत नाही

दसरू नान्हेनं निरोप धाडला : मोटर चालते, नाव जात नाही.
मी धानाच्या मळणीयंत्रांचा, डिझेलपंपांचा माणूस.
पाण्यातलं इंजिन आयुष्यात एकदाच उघडलेलं,
तेही बसवून झाल्यावर एक वायसर हातात उरलेलं.
तरी पान्ह्यांची पिशवी घेऊन गेलो.

फाल्गुनात धरणाचं पाणी उतरतं
तेव्हा बुडलेल्या गावाची चिंच कमरेपर्यंत वर येते.
तिलाच बांधलेली मच्छीमार सोसायटीची नाव,
आणि नावेच्या पाठीवर ती :
पंधरा हॉर्सपॉवर, लिलावातली, निळा रंग उडालेला,
टोपणाला सायकलच्या ट्यूबचा पट्टा.

"गेर पडते जी. टक् वाजते. मंग जोर देला का
सोडून देते. म्हातारा बैल कसा,
जू पाहून उठते अन् पुन्हा बसते."

आधी लिव्हर पाहिली. मग तिची पिन, मग खाली जाणारी सळई.
ढिली होती, पण इतकी नाही.
इंजिन बंद ठेवून पंखा हातानं फिरवला :
न्यूट्रलला मोकळा, पुढच्या गेरात अडतो.
म्हणजे हाताला फसवत नाही, पाण्याला फसवते.

मग पंख्यातल्या रबरावर संशय घेतला.
रबर सुटलं की दांडा फिरतो, पंखा नुसता पाहत राहतो.
पुस्तकलानं, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीनं,
पर्समधून नेलपॉलिश काढून दिली.
दांड्यापासून पंख्यापर्यंत एक लाल रेघ ओढली,
चिंचेला वळसा घालून आलो, तीनदा गेर सुटला.
रेघ जशीच्या तशी.
पंखा निर्दोष. तसं त्याला सांगितलंही.

तेल सोडलं. दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी शिरलेलं नाही.
काळं होतं, आणि बोटावर चोळलं तर
जत्रेतल्या चमकीसारखं काहीतरी.
तिथं मी गप्प झालो.

पोत्यावर एकेक भाग काढला त्याच क्रमानं मांडत गेलो,
या वेळी वायसर उरू द्यायचं नव्हतं.
शेवटी तो हातात आला, दोन गेरांच्या मधोमध बसणारा,
ज्याला मिस्त्री लोक कुत्रा म्हणतात.
पुढच्या बाजूचे दात नदीतल्या गोट्यासारखे गोल.

"दसरूभाऊ, गेर टाकून दाखवा."
त्यानं रिकाम्या लिव्हरवर हात ठेवला
आणि झोपलेल्या लेकराच्या मुठीतून खुळखुळा काढावा
तशी ती सरकवली, इतकी हळू.
"जुनी हाये ना. तिले कायले दुखवाचं?"

कसं सांगायचं, की त्या हळूपणातच दात गेले.
धड आत नाही, धड बाहेर नाही,
कडेवर कड घासत राहिली बारा वर्षं.
तिला एक खट् हवा होता, पुरता.
सांगितलं. तो पाण्याकडे पाहत बसला.

"मागचा गेर कधी टाकता?"
"मांगं जाले वल्हं हाये की."
कुत्रा उलटा करून पाहिला :
मागचे दात कोरे, बोट कापेल असे.
दोन्ही बाजू सुतानं मोजल्या, पुन्हा मोजल्या.
सारख्याच.
नागपूरला भाग मिळेपर्यंत चिंच परत बुडाली असती.
फिरवून बसवला.

संध्याकाळी पाण्यात. दसरूचा हात लिव्हरवर
थरथरला, थांबला.
"मारा काका," पुस्तकला म्हणाली.
त्यानं डोळे मिटले आणि मारला.
खट्.
चिंच मागे गेली, मग शाळेच्या भिंतीचं टोक,
मग नुसतं पाणी.

मजुरी म्हणून दोन मरळ मिळाल्या, एक अजून उड्या मारत होती.

आता तो गेर जोरात टाकतो, शिकवला तसा.
पण प्रत्येक खट्‌नंतर त्या ट्यूबच्या पट्ट्यावरून
एकदा हात फिरवतो.
तेवढ्यानं दात झिजत नाहीत.
कुणाला विचारलेलं नाही मी,
पण नसावेत झिजत.