सहावा मणी

बाबा रविवार पेठेत पटवेकरी.
सराफाची वही तिजोरीबाहेर येत नाही.
पोऱ्या आत जातो, हवी तेवढीच ओळ
पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने उतरवून आणतो.
तीन अक्षरांची खूण, एक मणी.
पुन्हा तीन, पुन्हा एक.
पायाच्या अंगठ्याला ताणलेला रेशमी दोरा
आणि ‘थांब’ची खूण आली की गाठ.
चिठ्ठी चुरगळून केरात.

कॉलेजात फळ्यावर रायबोसोम काढला होता,
मला त्यात बाबांची मांडी दिसली.
हसले, म्हणून बाईंनी उभं केलं.

आता ससूनमध्ये स्लाइड बघते.
आजची सुरमी वळवी, धडगावची, वय अठरा,
हॉस्टेलच्या जिन्यावर गुडघे धरून बसली होती,
थंडीनं, असं मैत्रिणींना वाटलं.
काचेखाली तांबड्या पेशी, मधूनच
विळ्यासारख्या वाकलेल्या.
एकशे सेहेचाळीस मण्यांचा सर,
त्यात सहावा वेगळा,
कारण वहीत ‘ए’च्या जागी ‘टी’.
ओवणाऱ्याचा हात कुठेच चुकलेला नाही.

“माझं काही चुकलं का?” तिनं विचारलं.
नाही गं. हेच अक्षर, एका वहीत एकटं असताना,
तुझ्या कुठल्याशा पणजीला
हिवतापातून उठवून बसवून गेलं असेल.
तुला दोन्हीकडून आलं.
हे मी म्हटलं नाही. पाणी भरपूर पी, म्हटलं.

रात्री बाबांना विचारलं,
“वहीतच चुकलं असेल तर?”
चष्म्यावरून बघत म्हणाले,
“मला कसं कळणार?”
आणि सुईवर पुढचा मणी घेतला.