कापूस

देस्येच्या त्या थंड चढावर आमची इद्दिर होती.
मयताची भिशी म्हणा हवं तर.
माणशी महिन्याला एक बिर, त्या बदल्यात
एक ताडपत्रीचा तंबू, अठ्ठावीस बाकं, तीन हंडे,
काचेचे पेले (मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे)
आणि खांदा द्यायला माणसं.
वही माझ्याकडे. मी अत्सेदे,
शिंप्याची बायको. अक्षर बरं होतं म्हणून.

त्या वर्षांत एकेक दार बंद होत गेलं.
शिक्षकांची संघटना, विणकरांचं मंडळ,
चर्चमागची वाचनाची खोली,
सगळ्यांच्या किल्ल्या केबेलेच्या कचेरीत
एकाच खिळ्याला.
मतदान व्हायचं, नाही असं नाही:
हात वर.
कोणाचा उशिरा गेला
ते लिहायला एक पोरगा बसवलेला.

आमच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही.
मेलेल्यांची उठाठेव करणाऱ्यांना कोण भिणार?
शिवाय कचेरीतल्यांनाही आया होत्या,
त्याही कधीतरी जाणारच.
कॉम्रेड गेबेयेहू दर पहिल्या रविवारी
वर्गणी भरायचा, पावती मागून घ्यायचा.

तर आम्ही मत देत राहिलो.
हंड्याला कल्हई करायची की नवाच घ्यायचा,
ओढ्यापलीकडच्या नव्या बिऱ्हाडाला
सभासद करून घ्यायचं का,
मडकं फिरायचं.
हो असेल तर कॉफीचं बी, नाही तर हरभरा.
दोन्ही पडल्याचा आवाज वेगळा,
म्हणून तळाशी मी कापूस अंथरायची.
म्हातारा झेरिहुन खजिनदारकीला दोनदा पडला,
दोन्ही वेळा आठवडाभर रुसला,
तिसऱ्यांदा निवडून आला आणि सगळ्यांना भाकरी वाटली.
एवढंच आमचं राजकारण.

मग तिरफेचा अबेरा. एकोणीस वर्षांचा.
प्रेत दिलं नाही. हुकूम दिला:
रडायचं नाही, काळं नेसायचं नाही,
दारासमोर तंबू दिसला तर.
वाक्य तिथंच संपलं होतं.
पुढचं आम्ही विचारलं नाही.

रविवारी तिरफे आली. काही बोलली नाही.
वही माझ्याकडून घेतली,
आपलं पान उघडून सगळ्यांसमोर ठेवलं.
अकरा वर्षं.
एक महिना चुकला नव्हता.

झेरिहुन खाकरला. म्हणाला, ‘मडकं आणा.’

त्रेपन्न माणसं. त्यात गेबेयेहूही.
‘तू ऊठ’ असं त्याला कोणी म्हणालं नाही,
नियमात तसं नव्हतं.

मडकं पालथं केलं.
कापसात अडकलेलं एकेक वेचलं.
बावन्न बिया.
एक हरभरा.

कोणी मान वर केली नाही.
कोणाचा, ते सगळ्यांना ठाऊकच होतं.

अंधार पडायच्या आत तंबू उभा राहिला.
गेबेयेहू आला, बाह्या दुमडून
खुंट्या ठोकायला लागला.
नाटक्या, आम्ही म्हटलं, तेही मनात.
जीप दोनदा गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली,
दोनदा परत गेली.
तिरफे तीन दिवस रडली, मोठ्यानं,
तिच्या हक्काचे तीन दिवस.

पुढच्या महिन्यात गेबेयेहू कचेरीत दिसला नाही.
बदली झाली म्हणे.
त्याची आई गेली तेव्हाही तो नव्हता.
आम्ही गेलो, नियमात होतं म्हणून.
पेले मोजून दिले, मोजून आणले,
तिच्याजवळ फार वेळ कोणी बसलं नाही.

आता मला सत्त्याहत्तर. ते सरकार गेलं,
त्यानंतरचंही गेलं.
वही नातीकडे आहे, तंबू नवा, निळा.

तो हरभरा माझा होता.

घरी दोन मुलगे होते,
एक सतराचा, एक विशीचा.
मुठीत बी होतं आणि दाणाही,
दोन्ही घामानं ओले.
मडकं समोर आलं तेव्हा
आवाज होणार नाही हे मला माहीत होतं.
कापूस मीच अंथरला होता,
इतकी वर्षं,
दुसऱ्या कुणासाठी तरी म्हणून.