अकरा शाया

हरभट रोडच्या मगदूमांनी
अकरा बाटल्या काउंटरवर मांडल्या आणि विचारलं,
"बाई, लिहायला पाहिजे की पुसायला?"
कारण झाकण उघडलं रे उघडलं
की मी आधी पाण्याचंच विचारत होते.

पेन घेणारा माणूस पहिल्यांदा स्वतःची सही करून बघतो.
मगदूमांच्या त्या पॅडवर निम्म्या सांगलीच्या सह्या आहेत,
वकिलांच्या लांब शेपटीच्या,
पोरींच्या, नावाखाली दोन टिंबं दिलेल्या,
आणि मधेच कुणीतरी नुसतंच गिरवलेलं: श्री श्री श्री.
मी रेघ ओढली, बोटानं वर थेंब सोडला
आणि थांबले.

रॉयल ब्ल्यू लगेच सुटली,
माहेरची एसटी लागल्यासारखी.
मोरपंखी थोडी रेंगाळली, कडेला हिरवी झाली.
जांभळीचं म्हणाल तर कृष्णाकाठच्या वांग्याची साल,
फोडणीत पडल्यावर कशी उतरते, तशी उतरली.
ब्ल्यू-ब्लॅक हलली नाही.
अंगावर पाणी घेऊन बसून राहिली, म्हशीसारखी.

ब्ल्यू-ब्लॅक आप्पांची.
हळदीच्या पेठेत तीस वर्षं दिवाणजी,
पोती, वजन, तोलाई, हमाली,
नखांत पिवळं आणि मधल्या बोटाच्या पेराला काळं-निळं.
दुकानाची शाई घरी वापरायची नाही, हा त्यांचा नेम.
म्हणून आईला वेगळी, स्वस्तातली रॉयल ब्ल्यू.
तीही तळाला गेली की बाटलीत चमचाभर पाणी,
खळखळवून पुन्हा आठवडाभर.
महिनाअखेरीस आईचं अक्षर फिकट होत जायचं.
पगार झाला की गडद.

एकोणीसच्या पुरात गावभागातल्या घरी
पाणी कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत चढलं
आणि मुक्कामाला राहिलं.
आप्पांच्या वह्या गच्चीवर वाळवल्या. चिखल झटकला
तर तोलाईचा आकडा न् आकडा जागेवर:
कधीच मिटलेले हिशेब, कधीच वारलेले व्यापारी.
आईची वही उघडली
तर पानंच्या पानं निळी. एकसारखी निळी.
शब्द एकही नाही.
भाऊ म्हणाला, टाक की आता, काय करायलीस त्याचं?

एक पान पर्समध्ये ठेवलंय.
ते आज मगदूमांच्या ट्यूबलाइटखाली
अकरा ओघळांशेजारी धरलं.
चौथी फार जांभळट. सहावी शाळेच्या गणवेशाची.
नववी जवळ, पण फार स्वच्छ, नदी नाही तिच्यात.
मगदूम चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले.
मग कपात उरलेला चहा
करंगळीनं नवव्या ओघळाला लावला.
"आता?"
"जवळजवळ."
"जवळजवळ म्हणजे किती?"
त्यांनी विचारलं, दुकानदाराच्या काळजीनं.

मी पान घेऊन दाराशी गेले,
आडवी आलेली रिक्षा जाऊ दिली,
आणि उन्हात पान तिरकं केलं.
ओरखडे.
पाणी घातलेली शाई उमटेना, की आई निब दाबायची.
रंग गेला होता, दाब तिथंच होता.
बऱ्याच वेळानं एक ओळ लागली.
पाककृती नाही, ओवी नाही,
माझं नाव तर नाहीच नाही.
दूध. खाडा, मंगळ बुध.

मंगळवारी, बुधवारी आम्ही कुठं होतो?
कुणाचं लग्न होतं, की मिरजेच्या दवाखान्यात
मला नेलं होतं, की दूधवाल्याचीच म्हैस आटलेली?
आई सांगायची नाही काही, लिहून ठेवायची,
आणि लिहायचीही एवढंच.

"नववी द्या," म्हटलं.
मगदूमांनी पेन भरलं, निब फडक्याला टिपली,
पॅड माझ्याकडे फिरवला. "करा सही."
वकिलांच्या शेपटीखाली जागा होती थोडी.
मी दाबून लिहिलं:
दूध. गुरुवारपासून नेहमीप्रमाणे.