उघडं पत्र

सोळा फेब्रुवारी, संध्याकाळचे सात.
आंग्रोन्याच्या वरच्या वस्तीत लाकडं ओली निघाली.
यंदा जाळ पेटवायची पाळी माझी,
आणि एल्दीना बर्तं मला ऐकू जाईल एवढ्याच हळू म्हणाली,
"टपालवालीला काय कळतंय सरपणातलं."

खरंय.
सव्वीस वर्षं मी या दरीत टपाल वाटलं.
पाकीट हातात घेतलं की आतलं कळतं मला:
जाड असेल तर होकार, सोबत भरायचे कागद.
पातळ असेल तर दिलगिरी.

राजाचं ते पत्र किती जाड होतं कुणास ठाऊक.
साल अठराशे अठ्ठेचाळीस.
तूरिनहून निघालं आणि बर्फात अडकलं असेल, नेहमीसारखं.
तसल्या सनदेला म्हणायचे उघडं पत्र,
न चिकटवलेलं, वाटेत कुणीही वाचावं असं.
पाळक दरवर्षी वाचून दाखवतात:
आजपासून यांना वकील होता येईल, डॉक्टर होता येईल,
विद्यापीठाची पायरी चढता येईल.
आणि मग ते वाक्य, ज्याच्या आधी ते हमखास खोकतात:
उपासनेबाबत मात्र काही नवं नाही.

काही नवं नाही.
आणि तरी माणसं ओंडके खांद्यावर टाकून माथ्यावर धावली,
या डोंगरावरून त्या डोंगराला कळावं म्हणून.
लहानपणी वाटायचं, घाईत वाचायची राहिली असेल ती ओळ.
आता नाही वाटत.
ज्यांच्या दारी पिढ्यान्‌पिढ्या नुसते हुकूमच आले
ते कागदाची शेवटची ओळ आधी वाचतात.

आग आमच्या जुन्या ओळखीची.
तिने माणसं नेली होती, पुस्तकं, खळी,
एका घरातला पाळणासुद्धा.
त्या रात्री पहिल्यांदा तिला आम्ही बोलावलं.

खाली चेस्टनटच्या रानात ती गुहा आहे.
आत जायचं तर रांगावं लागतं, पोट घासत.
आत गेलं की उभं राहता येतं.
पर्यटक तोंडाशीच फोटो काढतात आणि परत फिरतात.

आमच्या घरात एक गोष्ट सांगतात,
कुठल्याशा ज्यू कापडवाल्याची.
त्या रात्री तो खाली सपाटीवर उभा राहून
आमचे जाळ बघत होता.
त्याच्या लोकांचं पत्र सहा आठवड्यांनी निघालं.
मग पेटवला का आपण जाळ, त्यांच्यासाठी?
मी विचारलं होतं.
वडिलांनी पाइप झटकला. गोष्ट तेवढीच.

लाकडं काही पेटेनात. धूर सगळा डोळ्यांत.
तेवढ्यात लाकूडगिरणीतला मिमून अझ्झूझी आला,
जाकिटाच्या ओच्यात कोरड्या ढलप्या घेऊन.
"ओल्या लाकडावर चिडायचं नसतं, बाई," म्हणाला,
"खालून वारा द्यायचा."
आणि गुडघे टेकून फुंकू लागला.

मी दुसरीकडे पाहिलं.
जुन्या वखारीत नमाजाला जागा मिळावी म्हणून
त्याने नगरपालिकेला अर्ज केले होते.
चार वर्षांत तीन पाकिटं आली, तिन्ही पातळ.
तिसरं मी दाराखालून आत सरकवलं
आणि घंटी न वाजवता निघून आले.

धरलं एकदाचं. मुलं ओरडली.
एल्दीनाने त्याच्यापुढे गरम वाइनचा पेला धरला,
मग जीभ चावली, आणि स्वतःशी पुटपुटत
सफरचंदाचा रस शोधायला गेली.
पाळकांनी वाचायला घेतलं.
वकील. डॉक्टर. विद्यापीठ. खोकला.

"ती शेवटची ओळ पुन्हा वाचता का?"
मिमूनने विचारलं. आवाजात काहीच नव्हतं,
रस्ता विचारावा तसं.
पाळक चष्मा पुसू लागले.

पलीकडच्या डोंगरावर एक जाळ दिसला, मग दुसरा,
मग रोरा गावाच्या बाजूला तिसरा.
मी मोजत राहिले. सवय आहे.
कुणाचं टपाल राहिलंय
ते मला अंधारातही कळतं.