बाटलीएवढी पोकळी

आधी डब्यात मधोमध बाटली उभी करायची,
रिकामी, तपकिरी, साडेसहाशे मिलीची.
खालच्या भोकातून एक दांडा तिच्या बुडाशी टेकवायचा,
मग चारी अंगांनी भुसा,
हेमराज कापगतेच्या राईस मिलचा, फुकटचा,
मुठीनं ठोकून, टाचेनं दाबून.
शेवटी बाटली फिरवत फिरवत वर ओढायची
श्वास धरून.
कड ढासळली नाही तर झाली शेगडी.
ढासळली तर पुन्हा पहिल्यापासून,
आणि तोंडात येईल ती शिवी.

सकाळी सातला पेटवली.
वर मडकं. आठ खुरं, लाखांदूरच्या बाजारातली,
जाळून, खरवडून, तीन पाण्यांत धुतलेली.
झाकणाच्या कडेला कणकेचा लेप.
डोमा कुंपणावरून म्हणाला,
"कुकरात धा शिट्ट्या देल्ल्या असत्या
त आत्तापर्यंत जेवून झोपलो असतो ना गा."

छत्तीस वर्षं मी खांबावर चढलो.
लाइन गेली की अख्खं गाव फोनवर :
कधी येते? कधी येते?
आता कोणी विचारलं कधी होईल,
तर सांगतो, होईल तेव्हा.

मधल्या खोलीत धानाच्या कोठीमागे
ओल्या गोणपाटाखाली निळा पिंप आहे.
कान लावला तर आत कोणीतरी
हळूहळू पान खातंय असं वाटतं.
भाचा सुगत पुण्यात बिअर बनवतो, पगारावर.
दिवाळीत दोन दिवस आला नि शिकवून गेला :
ज्वारी भिजव, मोड आण, वाळव, भाज, जाडसर दळ.
कडूपणासाठी पाकीटभर वाळल्या कळ्या दिल्या.
त्या संपल्यावर मी चिरायता टाकला.
फोनवर ऐकून तो हसत सुटला,
मग गप्प झाला, मग म्हणाला,
मामा, लिहून ठेव.

लिहिलंय. लाइनमनच्या जुन्या वहीत,
जिथं आधी डीपींचे नंबर होते, त्याच्या पाठकोऱ्या बाजूला :
घाणा पहिला. आंबट. डोमाच्या म्हशीला दिला. म्हैस खूश.
घाणा दुसरा. एप्रिल. रात्री दोनला अकरा बाटल्या फुटल्या.
डीपी उडाली समजून मी अंगणात, चपला शोधत.
घाणा तिसरा. मूठभर मोहफुलं. बरा. डोकं दुखलं.
घाणा चौथा. आज.

दुपारभर भुसा आतून बाहेर जळत गेला,
जाळ नाही, धूर नावाला.
पोकळी आधी बाटलीएवढी होती,
मग तांब्याएवढी,
उन्हं कलली तेव्हा घागर मावली असती.
चुलबंदकडून वारा आला
आणि मसाल्याचा वास आमचं घर सोडून
आधी शाळेत गेला.

सातला लाइन गेली.
माझा हात खिशाकडे गेलाच, फोन काही वाजला नाही.
कंदील लावून बाटली उघडली,
फेस स्टीलच्या गिलासातून थेट लुंगीवर.
रंग भादव्यातल्या चुलबंदचा,
चव आधी भाकरीच्या करपल्या पापुद्र्याची,
मग लांबून येणारा कडवटपणा,
सासुरवाडीच्या मोठ्या मेव्हण्यासारखा,
उशिरा येतो आणि बसून राहतो.

यशोधरेनं पाचवं शील मोठ्यानं म्हटलं,
माझ्याकडे बघत.
मग गिलासात बोट बुडवलं, जिभेला लावलं,
बराच वेळ काही बोलली नाही.
"मीठ कमी हाये."
"यात मीठ नसते व."
"म्हणूनच."
तिनं कणकेचा लेप चाकूनं फोडला.
हाडं मांसातून आपणहून सुटत होती.
मी नको म्हणेपर्यंत
अर्धा गिलास मडक्यात गेला होता.
"पेणार नाही मी," ती म्हणाली, "पन शिजवीन."
झाकण पुन्हा ठेवलं. अजून अर्धा तास.
डोमा तांदळाच्या रोट्या घेऊन येऊन बसला होता,
त्यानं कपाळाला हात लावला.

मग बराच वेळ कोणी बोललं नाही.
बोटं एकमेकांना चिकटत होती, गिलासालाही.
डोमानं नळी फुंकून साफ केली,
पुन्हा ताट पुढे केलं :
"वयनी, का टाकलं व यात?"
ती माझ्याकडे बघेना.

लाइन आली तेव्हा साडेदहा झाले होते.
हात धुऊन वही काढली, पानावर तरीही डाग पडलाच.
घाणा चौथा. अर्धा पिलो, अर्धा रश्श्यात.
मीठ कमी, असं यशोधरेचं मत.
बाटली धुऊन खिडकीत उपडी ठेवली आहे,
रविवारी पुन्हा लागेल.