चाळीस मीटर

नेत्रावळीत डांबर संपतं तिथं
सुकांती वेळीपचं दुकान.
सोडा पीत म्हटलं, डबी शोधायला जातोय वर.
एकटाच. चारपर्यंत येईन.
तिनं उधारीच्या वहीत लिहिलं:
निळी टोपी, चार.
कडेला माझा नंबर. वर तो लागत नाही.

ओहळापाशी फोनवरचा बाण म्हणाला, चाळीस मीटर.
पलीकडं शेवाळलेला कातळ,
बॅटरी अकरा टक्के,
आणि पानांत काहीतरी
माझ्याआधी थांबलेलं.

उभा राहिलो थोडा.
मग शिट्टी दातांत धरून मागं फिरलो.

पावणेचारला तिनं
वहीतली ओळ खोडली.
"मेळ्ळी?"
"ना."
डबीतल्या कागदावर सही राहिलीच.
सोड्याचे वीस रुपयेही राहिले होते,
ते दिले.