पहिली फळी

निंगोजी बेळगुंदकरचा डावा कान
कोबीच्या गड्ड्यासारखा मिटलेला.
लोक म्हणत, तालमीतला.
तो म्हणे, न्हवं, कॅम्पातला.

सन बाराच्या हिवाळ्यात
गोऱ्या पलटणीच्या संघात एक गडी कमी पडला
आणि देसूरच्या अड्ड्यावर सागाचे ओंडके ढकलणारा हा
अनवाणीच मैदानात उभा राहिला.
अंड्यासारखा चेंडू. त्याला हात लावायचं कामच नव्हतं.
डोकं खाली, खांद्यात खांदा,
लाल मातीत टाचा रोवायच्या आणि ढकलायचं.
तीन हिवाळे ढकललं.
मॅचला आठ आणे, जिंकलं तर वर एक पाव.

एकदाच चेंडू आपणहून पोटाशी आला.
रेषेपलीकडे आठ जणांखाली पडला तेव्हा
तोंडात माती, कानावर कुणाचा तरी बूट,
"आणि वर टाळ्या, बघ की. कुणासाठी, कळलंच न्हाई."

मग लढाई निघाली. सातजण बसऱ्याला गेले.
फोटोत ते सगळे आहेत.
निंगोजी कडेचा; चौकटीत मावेना,
खांदाच तेवढा आलाय.

पुढे रविवार पेठेत गुळाच्या ढेपा उचलायचा.
गुडघा वाजायचा.

मी त्याला खेळताना पाहिलं ते अनगोळच्या नाल्यात.
रताळ्यांची गाडी रुतलेली, बैल बसलेले,
माणसं मराठीत, कानडीत ओरडतायत.
त्याने पागोटं माझ्या हातात दिलं,
सगळ्यांची डोकी एका रांगेत खाली दाबली,
चाकाला खांदा लावला
आणि तिसऱ्याच भाषेत
मोजायला लागला.